नुसता पीळ दिलेला जोड

कार्तिक लागला, बांध्यांमधलं धान पिवळं पडलं, की लोकांना नव्या तांदळाच्या भाताची आठवण येते. मला जळक्या व्हार्निशची येते. परवा गडचिरोलीहून चंद्रपूरला येताना बस मूल गावाच्या अलीकडे थांबली, खिडकीतून कापणीचा वास आत आला, शेजारच्या बाईंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि मी नाकाला रुमाल लावला. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की म्हातारा फारच नाजूक दिसतो. पण या चांगल्या वासाच्या पाठीमागे एक घाण वास माझ्या नाकात ठाण मांडून बसला आहे, त्याला मी काय करू? दोन हजार नऊ सालचा वास आहे तो.

तेव्हा मी धानोऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटर आत, जंगलातल्या एका आश्रमशाळेत अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत होतो. घर चंद्रपुरात, नोकरी तिथे. वर्गात अकरा मुली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि कपाटात दोन भिंगं, एक तराजू आणि काटा कायमचा उजवीकडे चिकटलेलं एक व्होल्टमीटर. एवढ्या सामानावर मी त्या पोरींना अणूच्या पोटात काय असतं ते सांगत असे. सांगताना मला मजा येई. त्यांनाही येत असावी, कारण त्या झोपत नसत.

आदल्या वर्षी भादव्यात टीव्हीवाल्यांनी प्रलयाची हाकाटी सुरू केली होती. तिकडे युरोपात, जमिनीखाली, कणांची टक्कर घडवणारं जगातलं सगळ्यात मोठं यंत्र सुरू होणार होतं, आणि आमच्या वाहिन्या ओरडत होत्या की त्यातून काळं विवर निघेल आणि पृथ्वी गिळून टाकेल. पडद्यावर ज्वाळा, कोपऱ्यात उलटं घड्याळ, मधे कपाळभर गंध लावलेला एक ज्योतिषी. मला त्या माणसांचा जो वीट आला तो आजपर्यंत उतरलेला नाही. लोकांना घाबरवून जाहिराती विकणं यापेक्षा घाण सुपात भरून विकलेली बरी. वर्गात सुमित्राने हात वर केला. "सर, बुधवारी जग बुडन म्हंते. मंग गुरुवारचा अभ्यास करू का नको?" सगळ्या खिदळल्या. मी म्हणालो, कर. बुधवारी जग बुडालं नाही, आणि गुरुवारी तिने अभ्यास दाखवला.

सुमित्रा बारावीपर्यंत पोचलेली तिच्या गावातली पहिली मुलगी. दहावी काढून पुढे विज्ञान घ्यायचं हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

मी फळ्यावर तिच्यासाठी एक मोठी बांगडी काढली होती. सत्तावीस किलोमीटर घेराची. म्हणजे इथून धानोऱ्याला जाऊन परत या, साधारण तेवढी. तिच्यातून प्रोटॉनचे झोत दोन्ही बाजूंनी सोडायचे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचे आणि समोरासमोर आदळायचे. झोत वळवायला चुंबकं, एकेक ट्रकएवढं लांब. चुंबकं थंड ठेवायला द्रवरूप हेलियम, आकाशाच्या पोकळीहूनही गार. आणि चुंबकाला चुंबक जोडणारे विजेचे हजारो जोड. यंत्र सुरू झालं आणि नऊ दिवसांत बंद पडलं. त्या हजारोंतला एक जोड नीट बसला नव्हता. तो तापला, वितळला, ठिणगी पडली, हेलियम धडाक्याने बाहेर आलं आणि ती अजस्र चुंबकं जागची हलली. आमच्याकडे वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीच्या बसने येई. मी ते कात्रण वहीत चिकटवलं.

पुढल्या सुट्टीत ही गोष्ट मी सलीमभाईला सांगितली. चंद्रपुरात परकोटाच्या आत, आमच्या घरामागच्या गल्लीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बाप हेच करायचा, आजा घड्याळं दुरुस्त करायचा. सलीमभाईला प्रोटॉनचं काही पडलेलं नव्हतं, पण जोड म्हणताच त्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

"कित्ते जॉईंट म्हन्ले?"

"हजारो."

"आन् एकच खराब?" त्याने चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "बेकार माणसं नाई ती. आपल्या इथी दहात दोन निघते."

मी विचारलं, तू काय करतोस? त्याने दाखवलं. तांब्याच्या तारेचे जोड झाळले, म्हणजे सोल्डर केले, की बाकीचे कारागीर लगेच वर कापडी नळी चढवतात, ज्याला ते स्लीव्ह म्हणतात, आणि व्हार्निश पाजून मोटार भट्टीत घालतात. मग आत काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. सलीमभाई जोड उघडेच ठेवून मोटार तासभर चालवी, वीज तोडी आणि लगेच प्रत्येक जोडाला बोट लावी. जो जोड शेजाऱ्यापेक्षा गरम, तो कापून पुन्हा. "नंगी चालवून पाहाव लागते सर. कपडे मंग."

वर्षभर मी त्या मोठ्या यंत्राची खबर ठेवून होतो. त्यांनी पन्नासहून जास्त चुंबकं वर काढली, कुठे काय चुकलं ते जगाला छापून सांगितलं, बाकीचे जोड तपासले. मला हे वाचून उगाच अभिमान वाटे. जणू मीच बोगद्यात उतरलो होतो. आता त्या अभिमानाची मला शिसारी येते, कारण माझी पाळी आली तेव्हा मी काय केलं ते सांगायचं आहे.

आमच्या मुलींच्या वसतिगृहाला पाणी यायचं ते स्लॅब टाकून बंद केलेल्या विहिरीतून, पाच अश्वशक्तीच्या मोटारीने, वरच्या टाकीत. आश्विनात ती मोटार जळाली. कुठल्याशा कंत्राटी मिस्त्रीने ती नेली आणि आठवड्याने नव्या तारा भरून आणली. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तिचा पुन्हा सुरू करण्याचा कार्यक्रम झाला. हो, कार्यक्रम. मोटारीला झेंडूचा हार, समोर रांगोळी, नारळ, आणि बटन दाबायला वरून आलेले एक साहेब. मुलींना रांगेत उभं केलेलं. साहेबांनी बटन दाबलं, नळ खोकला, तांबडं आणि मग पांढरं पाणी आलं, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. साहेबांनी त्याच नळावर हात धुतले आणि पेढा खाल्ला. अकरा मिनिटांनी मोटार बंद केली, कारण नळाच्या पाण्याने रांगोळी वाहून चालली होती.

मग मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला. मोटार सलग तीन तास चालवून पाहिली, चाल समाधानकारक आहे. खाली, विज्ञान शिक्षक. "तुमचीच सही लागते सर, टेक्निकल मानूस म्हून." एक वाजताची बस फाट्यावर यायची वेळ झाली होती. माझी पिशवी भरलेली होती, तिच्यात त्या मोठ्या यंत्राच्या कात्रणांची वहीही होती. मी कागद मोटारीच्याच पाठीवर ठेवला आणि सही केली. मोटारीची पाठ ऊन लागत होती. अकरा मिनिटांत तेवढी ऊन लागायला नको होती, हे मला तेव्हाही कळलं. मी बस पकडली.

सुट्टी संपवून मुली परतल्या आणि दुसऱ्याच सकाळी मोटारीतून धूर निघाला. आणि तो वास. जळकं व्हार्निश, जळका कागद, जळकं तांबं. अंगणाबाहेर कापणी चालू होती, वाऱ्यासोबत धानाचा गोड वास येत होता, आणि दोन्ही वास एकमेकांत मिसळले. तेव्हापासून ते मला सुटे करता आलेले नाहीत.

मुख्याध्यापक वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाचा राग तरी येतो. त्यांचा नुसता कंटाळा यायचा. "कागदावर तं मोटार चालू हाये ना सर," ते म्हणाले. "चालू मोटार दुरुस्तीले कशी पाठवाची? वरून इचारतील, तीन तास चालली तं जळली कशी. मंग तुमच्याच गळ्याशी येईन. थोडे दिवस जाऊ द्या." म्हणजे माझं रक्षण करण्यासाठी मुलींनी मागच्या जुन्या विहिरीचं पाणी प्यायचं.

ती विहीर मी पाहिली. नीट पाहिली, कारण आता पाहण्याशिवाय काही उरलं नव्हतं. पाण्यावर हिरवट साय, सायीत पळसाची कुजकी पानं, आणि कडेला फुगून पांढरा पडलेला एक बेडूक. मुली दोराने बादली ओढत, हंड्याच्या तोंडाला ओढणी बांधून पाणी गाळत. ओढणीवर जे उरे ते झटकून टाकत, आणि जमिनीवर पडलं की ते हलत असे. एक लहान पोर ते काडीने मोजत बसली होती. मी खोलीत जाऊन आडवा झालो.

आठ-दहा दिवसांत सुमित्राला हगवण लागली. मग उलट्या. आणखी दोघी आजारी पडल्या. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या फराळावर ठपका ठेवला, जसे काही या पोरींच्या घरी करंज्यांचे डोंगर होते. सुमित्राचा बाप दसरूभाऊ कापणी टाकून सायकल घेऊन आला. त्याने सायकल थेट वसतिगृहाच्या दाराशी नेली. पोरीला मागे बसवलं, तिची मान त्याच्या पाठीवर टेकलेली, आणि तिचे डोळे इतके खोल गेले होते की मी फाटकाशी उभा असूनही तिला दिसलो नाही असं मी स्वतःला समजावलं. तिच्या पाठोपाठ तिची ट्रंक न्यायला गावातला एक जण आला आणि निरोप देऊन गेला. पोट्टी आता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मोटार मी नेतो, माझ्या ओळखीचा माणूस आहे, कागद काय करायचा ते तुम्ही बघा. ते म्हणाले, मी काही ऐकलंच नाही. सकाळच्या बसच्या मागच्या डिक्कीत मोटार चढवली. कंडक्टर म्हणाला, "हे काय मढं आनलं सर?" सगळ्या वाटभर ते मढं माझ्यासोबत होतं.

सलीमभाईने मोटार उघडली. वरून वाइंडिंग दिसायला सुबक होतं, व्हार्निश तर नव्या नवरीसारखं चकचकीत. त्याने एका काळ्या पडलेल्या जोडावरची नळी कापली. आत सोल्डर नव्हतंच. दोन तारा हाताने एकमेकींभोवती गुंडाळल्या होत्या, बस्स. त्याने दुसरी कापली, तिसरी कापली. सगळीकडे तेच.

"नुसता पीळ दिला हाये सर. झालनं नाई, काही नाई." त्याने तो काळा गोळा माझ्या नाकाशी धरला. "घ्या, वास घ्या. हे पोट्ट्यांच्या पाण्याचं काम हाये म्हन्ता ना? हरामखोरी हाये ही." मग त्याने विचारलं, "पास कोनं केली होती?"

दुकानात पंखा फिरत होता. मी म्हणालो, "मी."

त्याने तो काळा गोळा खाली ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, मला सर म्हणणारा, माझ्याकडून प्रोटॉनच्या गोष्टी ऐकणारा. त्याने हातातलं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि आमची मोटार पुढ्यात ओढली. दोन दिवस मी तिथेच बसून होतो. त्याच दिवसांत बातमी आली की ते मोठं यंत्र पुन्हा सुरू व्हायच्या बेताला असताना कुण्या पाखराने बाहेरच्या विजेच्या साधनांवर पावाचा तुकडा टाकला आणि थंडावा बिघडला. मी ती वाचून दाखवली. एरवी सलीमभाई पोट धरून हसला असता. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाखरू तं पाखरू हाये. त्याले कोनी सही नाई मागितली."

दुसऱ्या दिवशी त्याने मोटार उघड्या जोडांनी तासभर चालवली, वीज तोडली आणि बाजूला सरकला. "लावा हात." मी एकेका जोडाला बोट लावलं. सगळे सारखे कोमट. शेवटचा एक किंचित गरम वाटला. माझ्या मनाचा खेळ असेल म्हणून मी पुढे जाणार होतो. मग थांबलो आणि म्हणालो, हा. त्याने स्वतः बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि तो जोड कापला.

आजही कुणी ना कुणी माझ्याकडे सही मागायला येतं. रहिवासाचा, वर्तणुकीचा, कसला तरी दाखला. निवृत्त मास्तराची सही अजून खपते. मी एवढे प्रश्न विचारतो की लोक दुसऱ्या मास्तराकडे जातात. बायको म्हणते, तुम्ही खवट झालात. असेन.

मोटार परत आली तेव्हा मुख्याध्यापक हार घेऊनच उभे होते. मी तो घेतला आणि गाईला घातला, म्हणजे तिने खाल्ला. टाकी रिकामी करून आतून घासायला लावली. तळाशी निघालं ते मी इथे लिहीत नाही. मग तीन तास मोटारीशेजारी स्टूल टाकून बसलो. पूर्ण तीन तास. दर अर्ध्या तासाने पाठीवर हात ठेवत होतो. आणि त्यानंतर कागद लिहिला. पहिल्या दाखल्यात तीन तास लिहिलं ते खोटं होतं, मोटार अकरा मिनिटं चालली, सही माझी, मी तपासलं नव्हतं. जोडांत काय सापडलं तेही लिहिलं. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "आता तं चालून राह्यली ना सर. मंग हे काऊन लिवता?" मी म्हणालो, वर पाठवा. पुढे त्या कागदावरून मला दोनदा खुलासा द्यावा लागला आणि माझी बदली झाली. मिस्त्रीचं काही झालं नाही.

पण ते पुढचं. त्या आठवड्यात मला एकच काम होतं. सुमित्राची बारावी तीन-चार महिन्यांवर आली होती आणि ती घरी होती.

मी सायकलने तिच्या गावी गेलो. दसरूभाऊ बांधीत धान कापत होता. सुमित्रा बांधावर बसून पेंढ्या मोजत होती, गालफडं बसलेली, पण उठून बसलेली होती. बाप विळा थांबवेना, म्हणून मी त्याच्यासोबत चालत चालत सगळं सांगितलं. मोटार, मिस्त्री, बस, सही. सांगून झालं तेव्हा तो ओळीच्या टोकाला पोचला होता. त्याने कंबर सरळ केली.

"तुम्ही पाह्यलं नाई, आन् सही केली?"

"हो."

"मले वाचता येत नाई सर," तो म्हणाला. "म्हून मी कागद दोघाइकडून वाचून घेतो. येगयेगळ्या. दोघायचं जुळलं तं अंगठा देतो." मग फार शांतपणे, "तुमाले तं वाचता येते."

मी म्हणालो, आता पाणी चांगलं आहे, मी स्वतः तपासलं, पोरीला पाठव. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने कापलेल्या धानाची एक लोंबी उचलली. म्हणाला, त्यांच्या गावात नवं धान आलं की कुणी तसंच खात नाही. आधी देवाला दाखवायचं, मग गावचा गायता खातो, म्हणजे त्यांचा पुजारी, मग म्हातारी माणसं, आणि त्यांना काही झालं नाही तर शेवटी लेकरं. "तुमच्या शाळेत लेकरायले आधी पाजता. मास्तर लोक कोनतं पानी पेते?"

हे मी आत्तापर्यंत लिहायचं टाळलं. आम्ही शिक्षक रस्त्यापलीकडच्या हातपंपाचं पाणी पीत होतो. सुरुवातीपासून. मोटार चालू असतानाही. मुलींच्या टाकीचं पाणी आमच्यातल्या एकानेही कधी तोंडाला लावलं नव्हतं, आणि हातपंपावर मुलींची गर्दी होऊ नये म्हणून त्याचं दांडकं आमच्या खोलीत असायचं. मी ते त्याला सांगितलं. सुमित्राने मान वर केली. तिला ते माहीत होतं. सगळ्या मुलींना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी होती की चौदा महिन्यांनी त्या बोगद्यातून पुन्हा झोत फिरला. मी ती अजून वर्गात सांगितलीही नव्हती. दुपारी दसरूभाऊ फाटकातून आत आला. सायकलच्या कॅरियरवर दोरीने बांधलेली सुमित्राची ट्रंक, मागे चालत ती. त्याने सायकल नळाशी उभी केली, ट्रंक सोडली नाही. पिशवीतून पितळी लोटा काढला, नळाखाली भरला आणि माझ्या हातात दिला. मी तो सगळा प्यालो. त्याने पुन्हा भरला आणि मुख्याध्यापकांपुढे धरला.

मुख्याध्यापक म्हणाले, "मी आत्ताच चाहा घेतला भाऊ."

दसरूभाऊने लोटा खाली घेतला नाही. घरी त्याचं धान उभं होतं, ऊन कलत होतं, पण त्याला घाई नव्हती. व्हरांड्यात मुली जमा झाल्या. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी नळाकडे पाहत राहिलो. शेवटी त्यांनी लोटा घेतला, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसे दोन घोट गिळले.

दसरूभाऊने उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं, लोटा पालथा करून झटकला आणि ट्रंकेची दोरी सोडायला घेतली.